रोज धावणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला सूट कशाची द्यावी?

दरवर्षी वसंत ऋतूत मी ब्रिटिश सरकारपुढे एक निवेदन करतो. माझी एमजीबी जीटी ही स्पोर्ट्स कार १९७२ सालची आहे, म्हणजे तिने चाळिशी केव्हाच ओलांडली आहे, आणि तिच्या मूळ रचनेत मोठा फेरफार झालेला नाही, एवढे मी संगणकाच्या पडद्यावर खूण करून सांगतो. सरकार माझ्या शब्दावर विश्वास ठेवते, रस्ता-कर शून्य आकारते, वार्षिक तपासणीची सक्ती माफ करते आणि पुढचे बारा महिने गाडी रस्त्यावर आणायला मोकळीक देते. सगळे काम चार-पाच मिनिटांत आटोपते. त्या चार-पाच मिनिटांत एक प्रश्न मात्र कोठेही विचारला जात नाही, आणि तो म्हणजे ही गाडी वर्षाला किती धावते. माझी गाडी सुमारे दहा हजार किलोमीटर धावते, कारण ऑक्सफर्डशायरमधल्या माझ्या घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे बावीस किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे मी याच गाडीने करतो. शेजारच्या गल्लीत अशीच एक गाडी आहे; ती वर्षातले सहा रविवार बाहेर पडते. कायद्याच्या लेखी आम्ही दोघे सारखेच आहोत, आणि या विषयातल्या बहुतेक वादांचे मूळ त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे, असे माझे मत झाले आहे.

जुनी स्पोर्ट्स कार रोजच्या वापरात असावी, या पक्षाचा मी आहे. पण अशा गाड्यांना ज्या सवलती मिळाल्या त्या ‘या गाड्या क्वचितच बाहेर पडतात’ या गृहीतकावर मिळाल्या, आणि ज्याने ते गृहीतक मोडले त्याने त्या सवलतींवर हक्क सांगू नये, असेही मला वाटते. माझ्या ओळखीच्या हौशी मंडळींना यातला पहिला भाग आवडतो आणि दुसरा मुळीच आवडत नाही.

आधी गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे आणि या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या त्या कारखान्यातून बाहेर पडल्या. (आज भारतातल्या रस्त्यांवर एमजी ही अक्षरे मिरवणाऱ्या ज्या उंच गाड्या दिसतात, त्यांचा हिच्याशी नावापलीकडे फारसा संबंध नाही.) १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, दोन कार्बोरेटर, साधारण ९५ अश्वशक्ती, मागच्या बाजूला पाट्यांचे सस्पेन्शन, यातले काहीही १९६२ सालीसुद्धा नवलाचे नव्हते. हे इंजिन एमजी ज्या उद्योगसमूहाची होती त्याच्याच साध्यासुध्या कौटुंबिक गाड्यांत बसणाऱ्या इंजिनाच्या घराण्यातले. आपल्या ॲम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. त्यामुळे पहिल्यांदा माझ्या गाडीचे बॉनेट उघडले तेव्हा मला परदेशी स्पोर्ट्स कारपेक्षा लहानपणी पाहिलेल्या सरकारी गाडीचीच आठवण अधिक झाली. १९६५ साली आलेल्या जीटीला पक्के छत आणि मागे उघडणारे दार मिळाले, त्या छताच्या रेषेवर इटलीच्या पिनिनफरिनाचा हात फिरला, आणि आठवड्याचा बाजार भरून आणता येईल अशी ही स्पोर्ट्स कार झाली. मुद्दा असा की ही गाडी मुळात रोज चालवण्यासाठीच बनवलेली होती. घरात दुसरी गाडी ठेवण्याची ऐपत नसलेल्या माणसानेही ती घ्यावी आणि सोमवारी सकाळी कामावर न्यावी, या हिशेबानेच तिची किंमत ठरलेली होती. तिला काचेच्या पेटीतली वस्तू आपण नंतर केले.

गाडी उभी राहिल्याने टिकते हा समज घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा सिलिंडरच्या आत गंज धरवतो. पेट्रोल शिळे होते. अर्धवट भरलेल्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर थंडीत दव साचते आणि तिथून सुटलेला गंजाचा चुरा पुढे फिल्टरमध्ये येऊन बसतो. ऑइल सील कोरडे पडून आखडतात, क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते, टायर एकाच जागी दबून चपटे पडतात. सहा रविवारवाल्या शेजाऱ्याची गाडी दिसायला माझ्या गाडीहून कितीतरी देखणी आहे. तरीही गेल्या काही वर्षांत टोइंगच्या गाडीवर चढून घरी येण्याचे प्रसंग त्यांच्यावर माझ्यापेक्षा अधिक आले आहेत. रोज चालणाऱ्या गाडीचे दुखणे लवकर कळते. कालपर्यंत नसलेला आवाज आज आला, ब्रेकचे पेडल बोटभर जास्त खाली गेले, तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपासून थोडा सरकला, हे रोज चालवणाऱ्याच्या हातापायांना समजते. तीन महिन्यांनी गाडी बाहेर काढणाऱ्याला नेहमीची जागा कोणती होती हेच आठवत नाही.

अर्थात हे सुख फुकट मिळत नाही. डिसेंबरातली सकाळ घ्या. किल्ली फिरवली की मागच्या बाजूने पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू येते; ती मंदावत थांबली की कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या असे समजायचे. मग चोक पूर्ण ओढून सेल्फ मारायचा, इंजिन धरले की चोक थोडा आत, पहिल्या वळणावर आणखी थोडा आत, आणि दोन मैलांत तो पूर्ण बंद झाला पाहिजे. तो तसाच ओढलेला राहिला तर प्लग काळे पडतात आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन नेते. काचेवरची वाफ जायला हीटर दहा मिनिटे घेतो, आणि ती दहा मिनिटे खिडकी बोटभर उघडी ठेवून गारठ्यात गाडी चालवायची. दर तीन हजार मैलांनी, म्हणजे माझ्या हिशेबाने वर्षातून दोनदा, पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीसगनने ग्रीस भरायचे. पॉइंटचे अंतर, टॅपेटचे अंतर, दोन्ही कार्बोरेटरचा समतोल ही कामे रविवारी दुपारी अंगणात होतात. आधुनिक गाडीचा मालक वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला किल्ली सोपवतो आणि विसरतो. हे विसरणे ज्याला हवे आहे त्याने या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी १९८९ साली आलेली माझदाची एमएक्स-५ आहे. तीही आता तिशी ओलांडून जुन्यांत जमा होऊ लागली आहे आणि किल्ली फिरवताच सुरू होते, पत्रा मात्र तिचाही सडतो.

रोजचा वापर शक्य होतो तो गाडीच्या गुणांपेक्षा तिच्याभोवतीच्या व्यवस्थेमुळे, हे मुंबईच्या माणसाला वेगळे सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी टॅक्सी दशकानुदशके मुंबईत अहोरात्र धावली ती काही तिच्या तांत्रिक श्रेष्ठतेमुळे नव्हे. प्रत्येक नाक्यावर ती उघडून जोडणारा मेस्त्री होता आणि कोणताही सुटा भाग तासाभरात हाताशी येत होता म्हणून ती धावली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली, तीही मुदतीमुळे. एमजीबीच्या बाबतीत ही व्यवस्था ब्रिटनमध्ये आजही जवळपास शाबूत आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांचा वापर करून १९८८ पासून या गाडीचा संपूर्ण नवा सांगाडा बनवते, आणि ते काम जेथे चालते ते विटनी गाव ॲबिंग्डनपासून फार दूर नाही. ब्रेकचे पॅड, इंजिनचे गॅस्केट, दाराची रबरे ही सगळी सामग्री टपालाने दुसऱ्या दिवशी घरी येते. एखाद्या दुर्मिळ इटालियन गाडीच्या मालकाला हा लेख लागू नाही. त्याने रोज गाडी काढली तर पहिल्याच हिवाळ्यात ती सहा महिने सुट्या भागांची वाट पाहत उभी राहील.

आता सवलतींकडे वळतो, आणि इथे मला स्वतःचाच एक प्रमाद सांगितला पाहिजे. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होती, आणि तपासायचे काय, तर ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके निघाले की पुढच्याच वर्षी दहाची मर्यादा सातवर आणावी लागली आणि १९६७ साली ती तीनवर आली. म्हणजे जी तपासणी मुळात म्हाताऱ्या गाड्यांसाठी जन्माला आली, तिच्यातून आज सर्वांत म्हाताऱ्या गाड्याच सुटल्या आहेत. २० मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांना ही एमओटी नावाची तपासणी ऐच्छिक झाली. मीही इतर अनेकांप्रमाणे आनंदाने दोन वर्षे तिकडे फिरकलो नाही. गाडी रोज चालत होती, मी तिला रोज ऐकत होतो, मग तपासायचे काय, असा माझा भाव होता.

तिसऱ्या वर्षी सायलेन्सर बदलण्यासाठी गावातल्या एका गॅरेजात गाडी लिफ्टवर चढली. तिथल्या वयस्कर मेस्त्रींनी सायलेन्सरकडे पाहण्याआधी पुढच्या चाकांकडे जाऊन ब्रेकचा होज पाईप दोन बोटांत धरला आणि हलकेच वाकवला. सरळ असताना काळाभोर, गुळगुळीत दिसणाऱ्या त्या रबरावर वाकवताच वैशाखातल्या काळ्या रानासारख्या भेगा उघडल्या. ते काही बोलले नाहीत. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. त्याच दिवशी सकाळी मी मोटरवेवर तासाला ११० किलोमीटर वेगाने त्या नळीच्या भरवशावर आलो होतो, आणि पेडलाला कोणताही फरक जाणवला नव्हता. कारण अशी नळी फुटेपर्यंत आपले काम चोख करते. दोष गाडीचा नव्हता, नळी बनवणाऱ्याचाही नव्हता. रबराचे आयुष्य संपले होते आणि ते पाहायला मी कोणाला बोलावले नव्हते. वर मी म्हटले की रोज चालवणाऱ्याला गाडीचे दुखणे लवकर कळते. ते खरे आहे, पण जी दुखणी आवाज करतात त्यांच्याचबाबतीत खरे आहे. होज पाईप, सीटबेल्टच्या मुळाशी सडलेला पत्रा, सिलच्या आत पोखरलेला भाग ही दुखणी मुकी असतात. एमजीबीचे सिल म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी नव्हे, तो गाडीचा कणाच आहे. वरून रंग तकतकीत आणि आत भुगा, अशी स्थिती होऊ शकते. त्यातच ब्रिटिश नगरपालिका हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ खाणारी गाडी रोज धावणारीच असते.

सूट देताना सरकारने दिलेले कारण वाचले की विसंगती उघड होते. ऐतिहासिक गाड्या मालक जिवापाड सांभाळतात आणि त्या फार कमी चालतात, म्हणून त्यांची तपासणी सक्तीची असण्याची गरज नाही, असा तो विचार होता. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे माझ्या शेजाऱ्याला लागू आहे, मला नाही. गंमत अशी की जे सरकारला कळत नाही ते विमा कंपन्यांना पक्के कळते. जुन्या गाड्यांसाठीची जी स्वस्त विमा पॉलिसी मिळते, तिच्यात बहुधा वर्षाच्या मैलांची मर्यादा घातलेली असते, घरात रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी असावी अशी अट असते आणि अनेकदा कामावर ये-जा वगळलेली असते. मला वेगळी, महाग पॉलिसी घ्यावी लागली. ज्याचा पैसा पणाला लागलेला असतो तो किलोमीटर विचारतो. शिवाय एमओटीच्या वेळी ओडोमीटरचा आकडा नोंदला जात असे; तपासणी गेली तशी ही नोंदही गेली, आणि मालक खरोखर कमी चालवतो की नाही हे ताडून पाहण्याचे जे एक साधन सरकारकडे होते ते त्याने आपण होऊन सोडून दिले.

याविरुद्ध दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा की आजच्या तरुण तपासनिसांना जुन्या गाड्या समजत नाहीत, ते आधुनिक गाडीची फूटपट्टी लावून नापास करतील. हा आक्षेप तपासणीचे नियम न वाचता घेतलेला आहे. नियमपुस्तिकेत गाडीच्या वयाप्रमाणे अपेक्षा बदलतात. ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या पेट्रोल गाडीचा धूर यंत्राने मोजत नाहीत, नुसत्या डोळ्यांनी पाहतात. दुसरा आक्षेप असा की अपघातांत या गाड्यांचा वाटा नगण्य आहे. असेल, पण तो वाटा प्रामुख्याने उभ्या राहणाऱ्या गाड्यांमुळे कमी आहे, आणि त्या पुण्याईवर रोज धावणाऱ्याने सूट मागणे म्हणजे शेजाऱ्याच्या उपासावर आपण पारणे फेडण्यासारखे आहे. तपासणीचे शुल्क जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स आहे. माझ्या गाडीची टाकी एकदा पूर्ण भरायला याहून अधिक पैसे लागतात. होज पाईपच्या प्रसंगानंतर मी दरवर्षी स्वेच्छेने तपासणी करून घेतो, पण स्वेच्छेवर सोडलेली गोष्ट कशी राहून जाते हे मी स्वतःच दोन वर्षे दाखवून दिले आहे.

धुराच्या प्रश्नावर माझी बाजू याहून अवघड आहे. लंडनमध्ये प्रदूषण जास्त करणाऱ्या गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंड आकारणारी यूलेझ योजना एप्रिल २०१९ मध्ये मध्यभागापुरती सुरू झाली आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व उपनगरांना लागू झाली. ढोबळमानाने २००५ पूर्वीच्या पेट्रोल आणि २०१५ च्या शरदापूर्वीच्या डिझेल गाड्यांना हा आकार पडतो. चाळीस वर्षांहून जुन्या ऐतिहासिक गाड्यांना तो माफ आहे. याचा अर्थ असा की रात्रपाळी संपवून २०१४ च्या डिझेल गाडीने घरी जाणारी परिचारिका साडेबारा पौंड भरते, आणि तिच्या शेजारून धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नावही न ऐकलेली, पेट्रोलचा वास सोडत जाणारी माझी १९७२ ची गाडी काहीही भरत नाही. कन्व्हर्टर ब्रिटनमधल्या नव्या पेट्रोल गाड्यांत १९९२-९३ च्या सुमारास सक्तीचा झाला. त्याआधीच्या गाडीतून किलोमीटरमागे निघणारा कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन आजच्या गाडीच्या अनेक पटींनी अधिक असतात. वर्षातून सहा वेळा येणाऱ्याला वारसा म्हणून सूट देणे मी समजू शकतो. रोज येणाऱ्याला तीच सूट देण्याचे समर्थन मला स्वतःचे हित त्यात असूनही सापडत नाही. बर्मिंगहॅममध्येही अशीच योजना आणि अशीच सूट आहे, म्हणून लंडनलाच दोष देण्यात अर्थ नाही.

‘पण नवी गाडी बनवताना किती कार्बन बाहेर पडतो,’ असे उत्तर आमच्यातली मंडळी लगेच देतात. ते उत्तर हिशेबाने तपासून पाहावे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. माझी गाडी लिटरला दहा किलोमीटर देते असे धरले तर वर्षाच्या दहा हजार किलोमीटरला हजार लिटर पेट्रोल, म्हणजे २.३ टन. लिटरला अठरा देणारी आजची छोटी गाडी तेवढ्याच अंतराला साधारण १.३ टन सोडील. फरक वर्षाला एक टनाचा. नवी गाडी घडवण्यात काही टन खर्च होतात हे खरे, पण माझ्या वापराने ते काही वर्षांतच भरून निघतात. दोन हजार किलोमीटर चालवणाऱ्याच्या बाबतीत हा फरक वर्षाला दोनशे किलोंवर येतो आणि त्याला तो भरून काढायला दशके लागतील. म्हणजे ‘जुनी गाडी हीच खरी पर्यावरणस्नेही’ हे वाक्य शेजाऱ्याने म्हटले तर खरे आहे आणि मी म्हटले तर खोटे आहे. इथेही निवाडा करतो तो वय नव्हे, किलोमीटर.

जर्मनीने यात बराच शहाणपणा दाखवला आहे. तिथे तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला १९९७ पासून ‘एच’ अक्षराची क्रमांकपाटी मिळते. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. वार्षिक कर १९१ युरो ७३ सेंट असा ठोक असतो. शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रांत प्रवेश मिळतो. रोज चालवायला बंदी नाही. पण दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी चुकत नाही. वारसा आहे म्हणून कर कमी, आणि रस्त्यावर आहे म्हणून तपासणी, अशी ही विभागणी आहे. नेदरलँड्सने १९८८ पूर्वीच्या काही पेट्रोल गाड्यांना कमी करात बसवताना डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीन महिने रस्त्यावर न येण्याची अट घातली. ओबडधोबड का होईना, पण वापर मोजण्याचा तो प्रयत्न आहे. माझ्या मते ब्रिटनने एवढे करावे की वर्षाला दोन हजार मैलांहून अधिक चालणाऱ्या ऐतिहासिक गाडीला तपासणी सक्तीची करावी आणि शहरी क्षेत्रांत तिला वर्षाचे मोजके दिवसच मोफत द्यावेत. दोन हजार हा आकडा दैवी नाही. कोणी तो तीन हजार केला तर मी भांडणार नाही.

भारताने नेमके उलटे टोक धरले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या, खासगी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू लागला; नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आणि अट अशी की ही गाडी नियमित किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, आणि देखभाल व इंधन भरणे यांसाठीच ती बाहेर काढता येते. एका परीने हा नियम ब्रिटिश नियमापेक्षा प्रामाणिक आहे, कारण सूट देताना त्याने वापराचा विचार तरी केला. पण वापर नियंत्रित करणे आणि वापरच थांबवणे यांत अंतर आहे. उभ्या गाडीचे काय होते ते वर सांगितलेच आहे. शिवाय ‘नियमित’ म्हणजे किती, हे ठरवायचे कोणी? रोज सकाळी इंजिन गरम करण्यासाठी केलेली पाच किलोमीटरची फेरी नियमित झाली की देखभाल? महाराष्ट्रातला पर्यावरण करही पंधरा वर्षांचे वय पाहतो, वर्षाचे किलोमीटर पाहत नाही. त्यात भर इंधनाची. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे पेट्रोल महागड्या प्रतीत का होईना, चालू ठेवले. भारतात २०२५ पर्यंत वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, पण जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅमच्या गाड्यांसाठी तशी सोय सर्वत्र ठेवलेली नाही. इथेनॉल जुने रबर फुगवते, मऊ करते. म्हणजे तपासणीची गरज इथे ब्रिटनपेक्षा अधिकच आहे.

पुण्यातल्या माझ्या एका परिचितांकडे १९५० च्या दशकातली दोन आसनी एमजी आहे. वडिलांनी घेतलेली गाडी ते आजही आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी सहाच्या सुमारास, वाहतूक जागी होण्याआधी, कर्वे रस्त्याने बाहेर काढतात. व्हीए क्रमांक घ्यावा का, असे त्यांनी मागच्या भेटीत विचारले. घेतला तर भंगार धोरणाची टांगती तलवार जाईल, पण सकाळच्या फेरीवर कोणीही बोट ठेवू शकेल. मी त्यांना सांगितले की नियम माझ्या हातात असता तर मी त्यांच्यावर दोनच अटी घातल्या असत्या. वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर चढवून तज्ज्ञाकडून ब्रेक, स्टिअरिंग आणि सांगाडा तपासून घ्यावा, आणि त्याच कागदावर ओडोमीटरचा आकडा लिहून द्यावा. ते हसले आणि म्हणाले की अशी तपासणी करणारा माणूस आणि त्याला ती गाडी समजणे, दोन्ही एकाच जागी मिळणे कठीण. क्रमांक त्यांनी अजून घेतलेला नाही. जुन्याच नोंदणीवर ते गाडी काढतात आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी ती दाखवायला नेतात. मधल्या चार वर्षांत होज पाईप वाकवून कोणी पाहतो का, असे मी विचारले तेव्हा ते उठून टॉर्च घेऊन आले.